काटकसर कोणाच्या ताटातली?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती गाळून ते येथे छापले आहे.)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी सरकारी काटकसरीवर बोलावयास उभे राहणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. कार्यवाहांनी दूरध्वनीवर विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते मोठ्या सौजन्याने म्हणाले, "विषय उत्तमच आहे, फक्त भोजनाआधी संपवा." त्यांची ही सूचना मी शिरसावंद्य मानली आहे.

तरीही हाच विषय मी निवडला, त्यास कारण आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे दिल्लीशी नाते पगाराने जुळले. कोणाचे वडील मंत्रालयात कारकून म्हणून आले, कोणाचे लेखा खात्यात, कोणाचे रेल्वेत, कोणाचे टपाल खात्यात. लोधी कॉलनी, सरोजिनी नगर, रामकृष्णपुरम् येथल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरांत आपली बालपणे गेली. पुढे भविष्यनिर्वाह निधीच्या आधारावर कोणी यमुनेपलीकडे, कोणी नोएडात, कोणी फरिदाबादेस घर बांधले. पुण्या-मुंबईच्या माणसाला अर्थसंकल्प ही वर्तमानपत्रातली बातमी वाटते. आपल्या घरी ती थेट स्वयंपाकघरात येत असे. सरकारने हात आखडला की आमच्याकडे तुपाचा डबा वरच्या फळीवर जाई.

१९७४ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमचे नाना कचेरीतून आले आणि पगाराचा कागद आईपुढे ठेवून म्हणाले, "भत्ता वाढला आहे, पण निम्माच हातात आला." आईने विचारले, "आणि उरलेला निम्मा?" नाना म्हणाले, "तो सरकारने ठेव म्हणून ठेवून घेतला आहे. परत देणार आहेत." आई क्षणभर कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "वाण्यालाही सांगा मग, निम्मे आता घे, उरलेले सरकार देईल तेव्हा."

त्या वाक्यात सरकारी काटकसरीचे सारे राजकारण आणि बरेचसे अर्थशास्त्र आले होते, हे मला फार उशिरा, लेखा विभागात सबंध नोकरी झाल्यावर कळले. आज जे सांगावयाचे आहे ते त्या वाक्याचे भाष्य आहे, इतकेच समजावे.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. सरकार खर्च कमी करते तेव्हा आपल्याला घरचा दाखला देण्यात येतो: घरात अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात, तसेच राज्यातही. दाखला पटण्याजोगा आहे. परंतु अपुरा आहे. नानांनी महिन्याला वीस रुपयांचा खर्च कमी केला तर नानांचा पगार कमी होत नाही. वाण्याचा गल्ला तेवढा हलका होतो, पण वाणी काही नानांना पगार देत नाही. राज्याचे तसे नाही. राज्याचा खर्च म्हणजेच शिपायाचा पगार, ठेकेदाराचे बिल, मजुराची रोजी, गव्हाची किंमत; आणि याच लोकांनी ते पैसे बाजारात खर्च केले की त्यांच्यावर कर बसून राज्याचे उत्पन्न होते. राज्याने वीस रुपये वाचविले की त्याच्या उत्पन्नातूनही काही रुपये गळतात.

याचा अर्थ असा नव्हे की राज्याने वाटेल तसा खर्च करावा. बाजारात धान्यच कमी असेल, तेल मिळत नसेल, परकीय चलन संपत आले असेल, तर नुसत्या नोटा वाढवून धान्य उगवत नाही. भाव तेवढे वाढतात, आणि भाववाढ हा गरिबावरचा सर्वांत क्रूर कर असतो, कारण तो कोणत्याही विधिमंडळाच्या संमतीवाचून बसतो. आपल्या आयुर्वेदात लंघनास औषध मानले आहे. परंतु लंघन अजीर्णावर औषध आहे. अशक्तपणावर तेच विष ठरते. म्हणून काटकसर चांगली की वाईट, हा प्रश्नच निरर्थक आहे. रोगी कोणता, रोग कोणता आणि लंघन कोणाला करावयास लावले, हे प्रश्न खरे.

या प्रश्नांचा पहिला मोठा हिशेब एका मराठी माणसानेच राज्यकर्त्यांपुढे मांडला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, अर्थसंकल्पावरचे आपले पहिले भाषण केले. सरकार त्या वेळी मोठ्या समाधानात होते, कारण वर्षानुवर्षे तिजोरीत शिल्लक पडत होती. गोखल्यांनी नेमके त्या शिल्लकेवरच बोट ठेवले. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ छप्पन्न्याचा दुष्काळ यांनी रयत खंगली असताना तिजोरी भरते कशी? शाळामास्तरकी केलेल्या आणि अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिलेल्या या माणसाने त्याची फोड करून दाखविली. रुपयाचा भाव घसरला होता तेव्हा विलायतेस पाठवावयाच्या रकमेसाठी जास्त रुपये लागत; म्हणून कर वाढविले होते. १८९३ साली टाकसाळी बंद झाल्या, पुढे रुपया महाग झाला, विलायतेच्या देण्याला कमी रुपये पुरू लागले. परंतु वाढविलेले कर तसेच राहिले. शिल्लक उरली ती देशाच्या समृद्धीतून नव्हे, तर लोकांच्या ताटातून उचललेली होती. मिठावर १८८८ पासून मणामागे अडीच रुपये कर होता. सरकारने १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आणला. हे श्रेय एका भाषणाचे नव्हे. पण शिल्लक हा राज्याच्या सदाचाराचा पुरावा नसतो, हा धडा त्या भाषणाने शिकविला. तिजोरी भरलेली दिसली की ती कोणाच्या घरून भरली, हे विचारले पाहिजे.

आता आपण दिल्लीत येऊ. गेल्या शंभर वर्षांत दिल्लीच्या नोकरदाराच्या पगारावर तीन मोठे घाले आले: १९३१, १९७४ आणि २०२०. तिन्ही शेजारीशेजारी मांडले म्हणजे माझे म्हणणे आपोआप स्पष्ट होईल.

१९३१ च्या फेब्रुवारीत नव्या दिल्लीचे उद्घाटन मोठ्या थाटाने झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात अर्थसदस्य सर जॉर्ज शुस्टर यांनी तातडीचा अर्थसंकल्प मांडला. जगभर मंदी होती. सरकारी नोकरांच्या पगारात १० टक्के कपात आणि चालू करांवर २५ टक्के अधिभार, हा त्या अर्थसंकल्पाचा गाभा. अधिभारातून मीठही सुटले नाही. पगाराची कपात १९३३ साली निम्मी झाली आणि १९३५ साली संपली. दिल्लीच्या कारकुनाला ती बोचली. परंतु खरे सांगावयाचे तर त्याच्यापुरती ती सुसह्य होती, कारण बाजारात धान्य स्वस्त झाले होते. मरण होते ते धान्य पिकविणाऱ्याचे. दोन वर्षांत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले; शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र रुपयांत ठरलेले, ते तसेच राहिले. खेड्यापाड्यांतून बायकांच्या अंगावरचे सोने मोडीत निघाले आणि जहाजांनी देशाबाहेर गेले. लोकांजवळ पैसा नाही म्हणून माल पडून आहे आणि माल पडून आहे म्हणून हातांना काम नाही, अशा वेळी राज्यानेही आपला हात आखडून घेतला. अशक्ताला लंघन घालण्याचा हा प्रकार होता. विलायतेतही त्याच वर्षी तोच प्रकार झाला, आणि केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने पुढे आयुष्यभर हेच समजावून सांगितले की हात आखडावयाचा तो भरभराटीच्या दिवसांत, पडत्या दिवसांत नव्हे.

१९७४ चा रोग याच्या नेमका उलट होता. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातून आलेल्या आपणां मंडळींना विसरता येणार नाही. त्यापाठोपाठ १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाची किंमत चौपट झाली. १९७४-७५ मध्ये घाऊक किमतींची सरासरी वाढ सुमारे २५ टक्के होती. मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला आणि तो मोडून काढण्यात आला. अर्थखाते त्या वेळी यशवंतराव चव्हाणांकडे होते. जुलै १९७४ मध्ये सरकारने एकामागून एक अध्यादेश काढले. वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग आणि वाढीव वेतन सक्तीच्या ठेवीत जाणार. वर्षाला १५ हजारांहून अधिक उत्पन्न असणाऱ्या प्राप्तिकरदात्यांनीही ठेव ठेवावयाची. आणि कंपन्यांनी भागधारकांना वाटावयाच्या लाभांशावरही मर्यादा. नानांच्या कागदावरची कपात ही यांपैकी पहिली.

नाना संघटनेचे सभासद होते. या कायद्याविरुद्धच्या सभांना ते जात. राग त्यांनाही होता, कारण महागाई भत्ता म्हणजे पगारवाढ नव्हे. वस्तू महागल्यामुळे पगाराला पडलेले भोक बुजविण्याचे ते ठिगळ. ठिगळच निम्मे कापले तर भोक राहणारच. पण निवृत्तीनंतर एकदा ते मला म्हणाले होते, "एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. आमचे घेतले तेव्हा शेठजीचा लाभांशही अडविला होता. आणि घेतले ते लिहून घेतले होते." ही ठेव व्याजासह पाच वार्षिक हप्त्यांत परत करण्याचे कलम कायद्यातच होते. योजनेस पुढे मुदतवाढ मिळाली, लोकांनी ओरड केली. परंतु ती देणी होती, आणि देणी म्हणूनच तिची नोंद राहिली. १९७५-७६ मध्ये घाऊक भाव वाढण्याऐवजी किंचित उतरले. त्याचे सारे श्रेय या ठेवींना देणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या वर्षीचे उत्तम पीक आणि बँकांच्या कर्जावरील निर्बंध यांचा वाटा मोठा होता. तरीही रोग तुटवड्याचा होता आणि औषध मागणी थोपविण्याचे होते, इतकी संगती त्यात होती.

येथे महाराष्ट्राचे एक उदाहरण दिल्यावाचून पुढे जाववत नाही. त्याच दुष्काळात, १९७३ च्या मे महिन्यात, महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला-बांध, रस्ते. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तीतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. पैसा कोठून आला? १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, आणि त्या उत्पन्नात सरकारने तितकीच भर घालावयाची असे ठरले. आपल्या पुण्या-मुंबईच्या भावंडांच्या पगारपत्रकात महिन्याला २०० रुपयांची जी कपात दिसते, ती याच कराची. शहरातल्या ताटातून एक घास निघाला. पण तो कोणत्या ताटात पडला, हे देणाऱ्याला ठाऊक होते. विधिमंडळात सर्व पक्षांनी या योजनेस पाठिंबा दिला. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगाराचा जो राष्ट्रीय कायदा केला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हा अनुभव उभा होता. त्याग मागता येतो, फक्त तो कशासाठी हे स्वच्छ सांगावे लागते, एवढे यावरून सिद्ध होते. लालबहादुर शास्त्रींनी १९६५ साली सोमवारचे एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा पहिला उपवास त्यांच्या स्वतःच्या घरी झाला होता. म्हणूनच देशाने ते ऐकले.

१९९१ चा प्रसंग आपल्यातील पुष्कळांनी प्रौढपणी पाहिलेला आहे. परकीय चलनाचा साठा काही आठवड्यांच्या आयातीलाही पुरेना, आणि जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने रिझर्व्ह बँकेला परदेशी पाठवून तारण ठेवावे लागले. त्या वेळी खर्च आवरणे टाळता येण्याजोगे नव्हते, हे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु खर्च कोठे आवरला गेला, ते पाहण्यासारखे आहे. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढविल्या. संसदेत गदारोळ होताच ती वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना सूट मिळाली. ज्याला आवाज होता त्याला दिलासा मिळाला, आणि शेतकऱ्याला तो मिळाला हे योग्यच झाले. पण मग उरलेली काटकसर कोणाकडून झाली? पुढील वर्षांत आटत गेला तो भांडवली खर्च. अद्याप न बांधलेला पूल, न निघालेला कालवा, न उघडलेला दवाखाना यांना मत नसते, संघटना नसते, ते मोर्चा काढीत नाहीत. म्हणून अर्थखात्याची कात्री प्रथम त्यांच्याकडे वळते.

हा मनुष्यस्वभाव आहे, आणि कोणत्याही एका पक्षाच्या माथी तो मारण्याचे कारण नाही. १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळता केंद्र सरकारच्या सेवेत येणाऱ्यांसाठी जुने निवृत्तिवेतन बंद झाले. निर्णय घेणाऱ्यांचे चालू राहिले, आम्हां जुन्या नोकरांचे चालू राहिले. जे अद्याप रुजूच झाले नव्हते त्यांचे बंद झाले. आम्ही जुन्यांनी त्या वेळी फारसा आवाज उठविला नाही, हेही कबूल केले पाहिजे. वीस वर्षांनी ती पिढी संख्येने मोठी झाली, तिला आवाज फुटला, आणि १ एप्रिल २०२५ पासून खात्रीच्या निवृत्तिवेतनाचा पर्याय तिला देण्यात आला. रिकाम्या जागांचेही तसेच. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारात मंजूर असलेल्या ४० लाख ३५ हजार पदांपैकी सुमारे ९ लाख ७९ हजार पदे रिकामी होती, असे सरकारनेच संसदेत सांगितले. कोणाला कामावरून काढले नाही, म्हणून कोणी रडले नाही. परंतु प्रत्येक रिकाम्या खुर्चीमागे परीक्षेचा निकाल पाहत बसलेला एक तरुण असतो, आणि खुर्चीपुढे अर्ज घेऊन उभा असलेला एक नागरिक.

आता तिसरा घाला, २०२० चा. त्या वेळी मी स्वतः नोकरीत होतो. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन मागील वर्षाच्या मानाने सुमारे २४ टक्क्यांनी घटले. २३ एप्रिल रोजी आदेश निघाला: जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ पासून मिळावयाचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठविण्यात येत आहेत. भत्ता १७ टक्क्यांवर थांबला तो १ जुलै २०२१ रोजी एकदम २८ टक्के झाला. मधल्या १८ महिन्यांची थकबाकी मात्र मिळाली नाही. हिशेब करणे हा माझा जुना रोग आहे. ज्याचे मूळ वेतन ५० हजार होते, त्याचे पहिल्या सहामाहीत ४ टक्क्यांप्रमाणे १२ हजार, दुसरीत ७ टक्क्यांप्रमाणे २१ हजार आणि तिसरीत ११ टक्क्यांप्रमाणे ३३ हजार, असे एकूण ६६ हजार रुपये गेले. सरकारची बचत ३४ हजार ४०० कोटींच्या घरात झाली, असे संसदेत सांगण्यात आले.

न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खासदारांच्या वेतनात वर्षभर ३० टक्के कपात झाली. ८० कोटी लोकांना धान्य देण्यात आले. एकूण सरकारी खर्च घटला नाही, उलट वाढला, आणि २०२०-२१ मध्ये वित्तीय तूट देशाच्या उत्पन्नाच्या ९ टक्क्यांवर गेली. त्या १८ महिन्यांत निवृत्त झालेल्यांचे उपदान पुढे वाढीव दराने मोजण्याचा आदेशही निघाला. आणि ज्या दिवसांत लाखो मजूर पायी गावाकडे निघाले होते, त्या दिवसांत ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता त्याने भत्त्यासाठी गळा काढावा, हे मला त्या वेळीही प्रशस्त वाटले नाही.

तरी दोन गोष्टी मनात सलत राहिल्या. पहिली अशी की बाजार ओस पडलेला असताना, खर्च करण्याची ऐपत असलेल्या लाखो कुटुंबांच्या हातातले पैसे कमी करणे हे अजीर्णाचे औषध अशक्ताला देणे होते. युरोपात ग्रीस देशावर २०१० नंतर अशाच कपाती लादल्या गेल्या. त्या देशाचे उत्पन्न सुमारे एक-चतुर्थांशाने आक्रसले, आणि कर्जाचे उत्पन्नाशी प्रमाण घटण्याऐवजी वाढले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख अर्थतज्ज्ञानेच २०१३ साली कबूल केले की कपातीमुळे होणाऱ्या नुकसानाचा अंदाज करण्यात चूक झाली होती. दुसरी गोष्ट हिशेबाची नव्हे, विश्वासाची आहे. १९७४ साली सरकारने घेतले ते ठेव म्हणून घेतले. २०२० साली घेतले ते परत न करण्याच्या बोलीने घेतले. १९७४ साली लाभांशही अडविला होता. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांवरील कराचा दर ३० वरून २२ टक्के करण्यात आला होता, तो २०२० च्या संकटातही तसाच राहिला. आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला नव्या संसद भवनाची पायाभरणी झाली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मंदीत इमारत बांधणे चूक नव्हे. गवंड्याला रोजी मिळते, सिमेंट-लोखंडाला गिऱ्हाईक मिळते. परंतु राजकारण केवळ अर्थशास्त्रावर चालत नाही. १९३१ च्या कारकुनाने जे पाहिले, तेच २०२० च्या कारकुनाने पाहिले: पगारपत्रकावर कात्री आणि खिडकीबाहेर बांधकाम.

आणखी एक आठवण सांगतो. त्या काळात एका कार्यालयात खर्चकपातीचे परिपत्रक आले. आमचा भत्ता गोठलेलाच होता. त्याखेरीज झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बायकांची संख्या आठवरून पाच करण्यात आली. त्या टिपणावर जी सही आहे, ती माझी आहे. आकडा बरोबर होता, नियमास धरून होता; कोणत्याही लेखापरीक्षकाने त्यावर आक्षेप घेतला नसता. त्या तिघींना भत्ताच नव्हता, तेव्हा गोठवावयाचे काय? त्यांचे काम गेले. तिसऱ्या दिवशी त्यांतली एक फाटकाजवळ भेटली आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या हिशेबात आम्ही किती होतो?" मी सांगितले नाही, सांगवले नाही. महिन्याच्या एकूण खर्चात ती रक्कम चहापाण्याच्या खात्याहून लहान होती.

म्हणून, बंधुभगिनींनो, यापुढे कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही सरकारने काटकसरीची हाक दिली, तर तिला डोळे मिटून होकारही देऊ नये आणि डोळे मिटून नकारही देऊ नये. विचारावे की ही वेळ लंघनाची आहे की पोषणाची. विचारावे की पहिला घास कोणाच्या ताटातला उचलला, आणि ज्याचे ताट सर्वांत भरलेले आहे त्याच्याकडे हात गेला की नाही. विचारावे की घेतलेले परत मिळणार आहे काय. आणि मिळणार नसेल तर ते कोठे गेले, हे आम्हांस दिसेल काय. आणि हे विचारताना केवळ आपल्या भत्त्यापुरते विचारू नये. ज्याला भत्ता नाही, संघटना नाही, त्याच्या वतीनेही विचारावे. कारण त्याची बाजू मांडावयास मोकळी असलेली खुर्ची पुष्कळदा आपल्यापैकीच कोणाची तरी असते.

समारोप मंडळाच्या हिशेबवहीनेच करतो. या समारंभासाठी जुन्या वह्या चाळावयास मिळाल्या. २०२० साली वर्गणी निम्मीसुद्धा जमली नव्हती. त्या वर्षीच्या कार्यकारिणीच्या सभेचे इतिवृत्त अर्ध्या पानाचे आहे. गणेशोत्सवाचा मंडप नाही, रोषणाई नाही, नाटक नाही, भोजन नाही, मूर्ती वीतभर. त्याखाली एक ओळ आहे: मुलांच्या मराठी वर्गाच्या शिक्षिकाबाईंचे मानधन पूर्ण द्यावे, वर्ग दूरध्वनीवरून चालवावा; तूट पडल्यास कायम निधीतून घ्यावी आणि ती रक्कम दोन वर्षांत परत भरावी. पुढच्या वह्यांत ती परत भरल्याची नोंदही आहे.

ज्यांनी तो ठराव मांडला त्यांतले काही आज या सभागृहात आहेत, काही नाहीत. त्यांच्यापैकी कोणी अर्थशास्त्री नव्हते. मी मात्र आयुष्यभर सरकारी लेखे तपासले, आणि माझ्या एका टिपणावर मला अशी ओळ लिहिता आली नाही. ती आपल्या वहीत आहे, याचा मला अभिमान वाटतो. आता कार्यवाह घड्याळाकडे पाहू लागले आहेत, आणि पंगतीच्या बाबतीत काटकसर झालेली नाही असे आतून येणाऱ्या वासावरून दिसते.